काचेआडचे कोळशाचे रान

दगडी कोळशाचा पाठ निघाला की एक चित्र ठरलेले असते. गुडघाभर पाण्यात उभी असलेली उंचच उंच झाडे, त्यांच्या खोडांवर शंकरपाळ्यांची नक्षी, बुडाशी नेच्यांची दाटी, वाफाळलेली हवा आणि कोपऱ्यात पंख पसरल्यावर जवळजवळ कावळ्याएवढा भरेल असा एक चतुर. चित्राखाली लिहिलेले असते : ‘कोट्यवधी वर्षांपूर्वीचे जंगल’. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतो. परीक्षेत ‘जंगले गाडली गेली, त्यांच्यावर दाब व उष्णता यांचा परिणाम झाला आणि कोळसा बनला’ असे लिहितो आणि त्याला पूर्ण गुण मिळतात. ‘हे कशावरून?’ असे त्याला कोणी विचारत नाही, आणि त्यानेही ते आपल्याला विचारलेले नसते.

हे चित्र पुस्तकात आले ते मुख्यतः संग्रहालयांच्या वाटेने. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालयांनी कोळशाच्या काळातली राने प्रतिकृतींच्या रूपाने उभी केली, चित्रकारांनी ती रंगवली, आणि त्या चित्रांवरून पुढची चित्रे निघत गेली. नाटकाचे, पुस्तकाचे, सिनेमाचे परीक्षण होते. संग्रहालयातल्या मांडणीचे मात्र आपल्याकडे होत नाही. वास्तविक वर्षाकाठी शेकडो शाळा सहलीला म्हणून तिथे जातात, आणि काचेवरच्या पट्टीत लिहिलेला शब्द मुले गुरुजींच्या शब्दापेक्षा जास्त खरा मानतात. म्हणून या लेखात आम्ही त्या काचेआडच्या रानाचे थोडे परीक्षण करायचे ठरवले आहे. आमची एक तक्रार सगळ्याच संग्रहालयांबद्दल आहे, दुसरी खास आपल्या देशापुरती.

एक झाड, सहा नावे

चित्रातले झाड पूर्ण असते. कपाटातले मात्र जवळजवळ कधीच पूर्ण नसते.

ज्या झाडामुळे या चित्राला ऐट येते ते लेपिडोडेंड्रॉन घ्या. हे झाड तीस मीटरपेक्षाही उंच वाढे. आज त्याचे नातेवाईक म्हणून जे उरले आहेत ते लायकोपोडियम, सेलॅजिनेला यांच्यासारखे जमिनीलगतचे लहानसे जीव. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सेलॅजिनेला चिमट्यात धरून पाहिलेला शिक्षक या झाडाची उंची ऐकून थक्क होतो, आणि ते योग्यच आहे. पण लेपिडोडेंड्रॉन हे नाव मुळात अख्ख्या झाडाचे नाही. ते खोडाच्या सालीच्या ठशाचे नाव आहे. पाने गळून पडली की त्यांच्या जागी वण राहत, आणि ते वण तिरप्या ओळींत इतके नीटस बसलेले असत की साल एखाद्या सापाच्या कातडीसारखी दिसते. गवताच्या पात्यासारखी लांब पाने बहुधा सुटीच सापडतात. त्यांचे नाव लेपिडोफिलॉइडिस. ज्यांत बीजाणू तयार होत ते शंकू सुटे सापडतात; त्यांचे नाव लेपिडोस्ट्रोबस. बीजाणूंना लायकोस्पोरा म्हणतात. मुळांसारखे दिसणारे, अंगावर गोल गोल खड्डे असलेले जाड दांडे म्हणजे स्टिग्मारिया. आणि गाडले जाण्यापूर्वीच खोडाची वरची साल निघून गेली असेल, तर आतल्या ठशावर शंकरपाळे दिसतच नाहीत, निराळेच उंचवटे दिसतात. त्याला नॉरिया असे आणखी एक नाव.

एका झाडाला सहा नावे! विद्यार्थी हे ऐकून हसतात. शास्त्रज्ञांना साधा हिशोब जमला नाही, असे त्यांना वाटते. आम्हाला मात्र या सहा नावांत शास्त्राचा सगळा प्रामाणिकपणा दिसतो. ज्याला फक्त मूळ सापडले आहे त्याने त्या मुळाला खोडाचे नाव द्यायचे नाही, कारण ते मूळ कोणत्या खोडाचे हे त्याला ठाऊक नाही. स्टिग्मारियाच्या बाबतीत ही सावधगिरी किती रास्त होती ते पुढे कळलेच : तसलीच मुळे लेपिडोडेंड्रॉनलाही होती आणि सिजिलॅरिया नावाच्या दुसऱ्या मोठ्या झाडालाही. मग ती कोणाच्या नावावर लावायची? वेगळे नाव ही एक प्रकारची कबुली आहे. माझ्या हाती एवढेच आले आहे, असे ते नाव सांगते.

आता संग्रहालयात काय होते ते पाहा. कपाटात दगडाचे सहा तुकडे, सहा नावे, त्यांच्यामागे भिंतीवर एक पूर्ण झाड. तुकड्यांपासून झाडापर्यंत जायला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि नेमका तोच प्रवास गायब असतो. पाहणाऱ्याला वाटते, कोणाला तरी कधीतरी अख्खे झाडच सापडले असावे आणि हे तुकडे त्याचे मोडलेले अवयव असावेत. प्रत्यक्षात घडले ते नेमके याच्या उलट.

जोड कसे सापडले

हा प्रवास सांगण्यासारखा आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो.

१८४० साली विल्यम लोगन यांनी दक्षिण वेल्समधल्या कोळशाच्या थरांविषयी एक निरीक्षण मांडले. कोळशाच्या प्रत्येक थराखाली चिकणमातीचा एक थर असतो आणि त्या मातीत स्टिग्मारिया असतोच असतो. तोपर्यंत स्टिग्मारिया ही पाण्यात वाढणारी एखादी स्वतंत्र वनस्पती असावी, असे कित्येकांचे मत होते. पुढे चारच वर्षांनी लँकेशायरमध्ये सेंट हेलेन्सजवळ उभ्या स्थितीत गाडली गेलेली खोडे मिळाली, आणि त्या खोडांना खाली स्टिग्मारिया जोडलेला आहे हे एडवर्ड बिनी यांनी दाखवले. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. स्टिग्मारिया म्हणजे झाडाची मुळे. ती मुळे मातीत रुतलेली. ती माती कोळशाच्या थराला लागून, त्याच्या खाली. म्हणजे तिथला कोळसा दुसरीकडून वाहून आलेल्या ओंडक्यांचा नाही. रान जिथे वाढले तिथेच साचले आणि तिथेच त्याचा कोळसा झाला. ‘जंगले गाडली गेली’ या आपल्या परीक्षेतल्या तीन शब्दांच्या मागे एवढा युक्तिवाद उभा आहे. तो मुलांना सांगायला फार तर दहा मिनिटे लागतात.

आम्हाला जे मांडणीचे उत्तम उदाहरण वाटते ते स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहरात आहे. १८८७ साली व्हिक्टोरिया पार्क या बागेचे काम चालू असताना एका जुन्या दगडखाणीत झाडांचे बुंधे उघडे पडले. एकूण अकरा बुंधे, मुळांसकट, जिथे वाढले त्याच जागी. शहाणपणाची गोष्ट अशी, की ते उपटून संग्रहालयात नेण्याऐवजी लोकांनी त्यांच्यावर छप्पर घातले. ‘फॉसिल ग्रोव्ह’ या नावाने ती जागा प्रसिद्ध आहे. बुंधे ३२-३३ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. गंमत म्हणजे त्यांत लाकूड अजिबात नाही. झाड मेले, आतला मऊ भाग कुजून गेला, टणक साल तेवढी नळीसारखी उभी राहिली आणि त्या नळीत वाळू-गाळ भरला गेला. साल म्हणजे साचा आणि वाळू म्हणजे मोदक. साचा पुढे नाहीसा झाला, मोदक राहिला. (कोळशाच्या खाणीत असेच बुंधे कधीकधी छतात बसलेले असतात. खालचा कोळसा काढून घेतला की सालीच्या जागचा गुळगुळीत पापुद्रा सुटतो आणि दगडाचा तो गट्टू एकदम खाली येतो. खाणकामगारांचे जीव त्याने घेतले आहेत. जीवाश्म म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काचेचे कपाट येते, पण त्या कामगाराच्या दृष्टीने ती डोक्यावरची टांगती शिळा असते.)

ग्लासगोच्या या रानात वर काहीच नाही. फांद्या नाहीत, पाने नाहीत, चतुर तर नाहीच. एका बुंध्यापासून दुसरा किती अंतरावर आहे, मुळे दोन-दोन भागांत कशी फाकत गेली आहेत, एवढेच दिसते. पण जे दिसते ते सगळे खरोखर तिथे होते, आणि तसेच होते. दोन झाडांमधले खरे अंतर जगातले कोणतेही कपाट दाखवू शकणार नाही. ‘मग यांच्या वर काय असेल?’ हा प्रश्न पाहणाऱ्याला आपोआप पडतो. संग्रहालयाकडून याहून जास्त काय हवे?

दुसरा जोड याहून चातुर्याचा आहे. ब्रिटनमधल्या काही कोळशाच्या थरांत ‘कोल बॉल’ नावाचे गोटे मिळतात. वनस्पतींवर वरच्या थरांचा भार पडून त्या चेपून जाण्याआधीच पाण्यातले चुन्यासारखे क्षार त्यांच्या पेशींत शिरले आणि सगळे जिथल्या तिथे जखडले गेले. त्यामुळे या गोट्यांत खोडाची, मुळाची, बीची पेशी न् पेशी दिसते. १८५५ साली जोसेफ हूकर आणि बिनी यांनी या गोट्यांचे आणि त्यांतल्या काही बियांचे वर्णन प्रसिद्ध केले. गोटा कापायचा, घासून सपाट करायचा, सौम्य आम्लाने वरचा चुना किंचित झिजवायचा म्हणजे पेशींच्या भिंती उभ्या राहतात, त्यांवर पातळ पापुद्रा चढवायचा आणि तो वाळला की सोलून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, ही पद्धत विसाव्या शतकात रूढ झाली. पानावर नेलपॉलिशचा थर देऊन रंध्रांचा ठसा काढण्याचा प्रयोग आपण नववी-दहावीत करून दाखवतो, त्याचीच ही थोरली बहीण.

या गोट्यांत लॅजेनोस्टोमा नावाचे एक लहान बी मिळत असे. त्याच्याभोवती पाकळ्यांसारख्या झिरमिळ्यांची एक वाटी असे, आणि त्या वाटीवर टाचणीसारख्या डोक्याच्या ग्रंथी. दुसरीकडे लायजिनॉप्टेरिस (त्या काळी लायजिनोडेंड्रॉन) या नावाचे एक खोड आणि त्याची नेच्यासारखी पाने मिळत. नेच्यांना बी नसते, हे तर आपण पाठच करवून घेतो. १९०३ साली ऑलिव्हर आणि स्कॉट या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवले, की तशाच, अगदी त्याच घडणीच्या टाचणीडोक्या ग्रंथी या खोडावर आणि पानांच्या देठांवरही आहेत, आणि त्या थरांतल्या दुसऱ्या कोणत्याच वनस्पतीवर नाहीत. बी झाडाला चिकटलेले त्यांना मिळाले नव्हते. ग्रंथींनी साक्ष दिली. नेच्यासारखी पाने आणि तरीही बी धारण करणारा वनस्पतींचा एक अख्खा गट, बीजी नेचे, त्या साक्षीने उजेडात आला. कोळशाच्या रानातले जे ‘नेचे’ आपण चित्रात मोजतो त्यांतले पुष्कळसे नेचे नव्हतेच.

एका संग्रहालयात आम्ही याच गटातल्या एका वनस्पतीचे पान आणि बी शेजारी ठेवलेले पाहिले. दोहोंना मिळून एकच पट्टी होती आणि तिच्यावर ‘बीजी नेचा’ असे दोनच शब्द. हे दोन दगड एकाच झाडाचे कशावरून, याचा कोठे उल्लेख नव्हता. आमच्याबरोबरच्या एका मुलीने ते विचारले तेव्हा तिथल्या मदतनीसाने ‘लिहिले आहे ना तसे’ असे उत्तर दिले. त्या बिचाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. खरोखरच तसे लिहिलेले होते.

प्रतिकृतींच्या दालनांबद्दल दोन शब्द. अमेरिकेत शिकागोच्या फील्ड म्युझियमने १९३० च्या दशकात असे एक रान उभारले. त्या शहरापासून जवळच मेझन क्रीक आहे. तिथे लोहयुक्त दगडाचे गोळे फोडले की आत सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीची नाजूक पाने आणि प्राणी मिळतात. त्यांचे मोठमोठे संग्रह हौशी लोकांनी जमवले आहेत. म्हणजे कलाकारांसमोर सामग्री भरपूर होती आणि त्यांनी ती मेहनतीने वापरली, यात शंका नाही. असे रान पाहून मुले तोंडात बोट घालतात, आणि तोंडात बोट घालणे ही शिक्षणाची काही वाईट सुरुवात नव्हे.

पण या प्रकारच्या दालनांची आणि चित्रांची एक खोड आहे. प्रत्येक झाड त्यांत पूर्ण वाढलेले, डेरेदार, शंकूंनी लगडलेले असते. लेपिडोडेंड्रॉनविषयी आज बहुतेक अभ्यासकांचे मत असे, की ते आयुष्याचा बराच काळ फांद्यांवाचून, सरळ खांबासारखे वाढे. फांद्या फुटत त्या अगदी शेवटी. काही जातींत तर त्या फुटल्या, शंकू आले की झाडाचे आयुष्यच संपे. त्याच्या खोडात लाकडाचा गाभा बारीक आणि सालीचाच भाग जास्त. म्हणजे प्रत्यक्ष रान हे अंधाऱ्या छत्रीसारखे नसून खांबांच्या मंडपासारखे असणार, आणि जमिनीवर भरपूर उजेड पडत असणार. शिवाय चित्रात वृक्षनेचेही तितक्याच संख्येने उभे असतात. ते दलदलींत सर्वत्र माजले ते कार्बॉनिफेरस कल्पाच्या शेवटीशेवटी, मोठ्या लायकोपॉडची सद्दी संपल्यावर. चित्रकार लाखो वर्षांची पात्रे एकाच वेळी रंगमंचावर आणतो, जणू शेवटच्या प्रवेशानंतर सगळा नटसंच नमस्कारासाठी उभा आहे. दालनासमोर खऱ्या दगडांचे एक तबक ठेवावे, प्रतिकृतीतला कोणता भाग त्यांतल्या कोणत्या दगडावरून केला आणि कोणता नुसत्या तर्काने, हे दोन रंगांत दाखवावे, एवढीच आमची मागणी. पुरातत्त्वाच्या संग्रहालयात फुटके रांजण जोडताना नवा भाग मुद्दाम वेगळ्या रंगाचा ठेवतात. वनस्पतींनाच ही सवलत का नसावी?

आणि आपले रान?

आता दुसरी तक्रार. वर ज्या रानाबद्दल एवढे बोललो ते आपल्या दगडी कोळशाचे रान नव्हेच.

लेपिडोडेंड्रॉनचा तो बहर कार्बॉनिफेरस कल्पातला, म्हणजे सुमारे ३५.९ ते २९.९ कोटी वर्षांपूर्वीच्या काळातला. युरोप आणि उत्तर अमेरिका तेव्हा विषुववृत्ताच्या आसपास होते. भारताच्या गोंडवनी थरांतला कोळसा त्यानंतरच्या पर्मियन कल्पातला आहे, २९.९ ते २५.२ कोटी वर्षांपूर्वीचा. भारत तेव्हा अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांच्याशी जोडलेला, दूर दक्षिणेकडे होता. (आसाम-मेघालयाचा कोळसा आणखी वेगळा. तो त्याहून कितीतरी अलीकडचा, फुलझाडांच्या युगातला.) आपल्या गोंडवनी कोळशाच्या तळाशी वाफाळलेली दलदल नाही, बर्फ आहे. ओडिशातल्या तालचेर येथील गोट्यांचा थर हिमनदीने आणून टाकलेला असावा, हे १८५६ साली ब्लॅनफर्ड बंधूंनी मांडले. आणि आपल्या महाराष्ट्रात, चंद्रपूर जिल्ह्यात इरई येथे, तसल्याच गोट्यांच्या थराखालच्या चुनखडकावर हिमनदीने घासून काढलेले ओरखडे आहेत. १८७० च्या दशकात फेडन यांनी त्यांची नोंद केली. चंद्रपूरचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

बर्फ हटला, हवा निवली तरी थंडच राहिली, आणि मग जे रान आले त्याचे राजेपण ग्लॉसोप्टेरिसकडे होते. जिभेच्या आकाराचे पान, मधोमध ठळक शीर, दोन्ही बाजूंना जाळीदार शिरा. (मधली शीर नीट नसेल तर ते बहुधा त्याचे भावंड, गँगॅमोप्टेरिस.) ही पाने एकावर एक पसरलेल्या थरांनी मिळतात, आणि त्या काळच्या लाकडांत वार्षिक वर्तुळे स्पष्ट दिसतात. यावरून ती झाडे हिवाळ्यात पाने गाळत असावीत असे मानतात. थंड प्रदेशातले पानगळीचे रान! आमच्या पुस्तकातल्या घामट दलदलीशी याचे काय नाते? लोगन यांचा मुळांचा युक्तिवादही इथे जसाच्या तसा लागू करता येत नाही. कोळशाखालची मुळांनी भरलेली माती आपल्याकडे ठिकठिकाणी मिळत नाही, आणि आपल्या कोळशात राख फार. त्यामुळे त्यातली बरीच वनस्पतिसामग्री गाळाबरोबर वाहून येऊन साचली असावी, असे अनेक भूशास्त्रज्ञांनी म्हटले. उलट, काही थर जागीच तयार झाले असेही इतरांनी दाखवले. हा वाद वर्गात मांडण्याजोगा आहे. पण पाठातले वाक्य वेल्सच्या कोळशाचे आणि राख मात्र आपल्या शेगडीतली, अशी आपली स्थिती आहे.

ग्लॉसोप्टेरिसच्या तुकड्यांची कथाही लेपिडोडेंड्रॉनइतकीच रंगतदार आहे, आणि तिच्यात आपला वाटा आहे. फ्रान्सचे ब्रोंन्यार यांनी १८२८ साली भारतातून आणि ऑस्ट्रेलियातून आलेल्या पानांवरून हे नाव ठेवले आणि त्याला नेच्यांत बसवले. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी कामठी, सिलेवाडा या भागांतल्या वालुकाश्मांतून वनस्पतींचे ठसे गोळा केले. ते लंडनला गेले आणि १८६१ साली चार्ल्स बनबरी यांनी त्यांचे वर्णन केले. त्यांतल्या एका लांब, पट्ट्यासारख्या पानाला हिस्लॉप यांचे नाव मिळाले. नॉगरॅथिऑप्सिस हिस्लॉपी हे नाव पुराजीवशास्त्राच्या पुस्तकांत आजही भेटते. नागपूरच्या किती मुलांना हे ठाऊक असेल? पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात ओटोकार फाइस्टमँटेल यांनी गोंडवनी वनस्पतींवर मोठे ग्रंथ लिहिले. तोवर ग्लॉसोप्टेरिस नेचाच मानला जात होता.

फळ-बी कसे ते कोणालाच माहीत नव्हते. १९५२ साली दक्षिण आफ्रिकेत एडना प्लमस्टेड यांनी पानांना जोडलेले प्रजननाचे अवयव दाखवले आणि खळबळ उडाली. तो अवयव नेमका कसा लावायचा, यावर बरीच वादावादी झाली. आपल्याकडे लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत सुरंगे आणि शैला चंद्र यांनी त्यावर महत्त्वाचे काम केले. १९७७ साली ऑस्ट्रेलियातल्या अश्मीभूत नमुन्यांवरून गूल्ड आणि डेलेवोरियस यांनी पानासारख्या अवयवावर लागलेली बीजे पेशींच्या पातळीवर दाखवली. ग्लॉसोप्टेरिस नेचा नव्हे, बीज धारण करणारे झाड आहे, यात शंका उरली नाही. मुळांचेही तसेच. मणक्यांच्या माळेसारखे दिसणारे म्हणून ज्याला व्हर्टिब्रॅरिया हे नाव मिळाले होते ते या झाडांचे मूळ असावे, असा संशय जुना होता. त्याची खात्री पटायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. त्या मुळांत हवेच्या पोकळ्या होत्या, पाणथळ मातीत उपयोगी पडाव्यात अशा.

आणि एक नमुना असा, की त्याच्याबद्दल सांगताना कोणत्याही शिक्षकाचा आवाज बदलेल. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे साथीदार यांनी बिअर्डमोर हिमनदीजवळ दगड गोळा केले. शक्ती संपत आली असतानाही त्यांनी ते टाकले नाहीत. पुढे त्यांच्या मृतदेहांपाशी सुमारे १६ किलो दगड मिळाले. त्यांतली पाने १९१४ साली सीवर्ड यांनी ओळखली : ग्लॉसोप्टेरिस इंडिका. भारताच्या नावाचे पान अंटार्क्टिकावर. लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात ते आहे. खंड एकत्र होते याचा तो एक मूक पुरावा, आणि त्याचे सख्खे भाऊबंद आपल्या विदर्भातल्या खडकांत आहेत.

आपल्याकडे पाहण्यासारखे अजिबात नाही असे नव्हे. बिरबल साहनी संस्थेची कोनशिलाच जीवाश्मांची आहे. निरनिराळ्या देशांतले, निरनिराळ्या युगांतले जीवाश्म एका ठोकळ्यात बसवून साहनींनी ती तयार केली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ती बसली आणि त्यानंतर आठवड्याच्या आतच साहनी गेले. त्या शिळेत सगळे तुकडे वेगवेगळे दिसतात, मधला सांधा दिसतो. ही एक जोडणी आहे हे ती लपवत नाही. पण भारतातल्या पुष्कळशा लहान संग्रहालयांत ग्लॉसोप्टेरिसचे पान म्हणजे कपाटातला एक काळपट दगड, नाव आणि कल्प एवढे लिहिलेला. मागच्या भिंतीवर झाड असलेच तर ते, काय सांगावे, लेपिडोडेंड्रॉनचे. आम्ही हे एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. राणीगंजचे पान आणि लँकेशायरचे रान!

वणी, बल्लारपूर, उमरेड या बाजूच्या शाळांना एक सोय आहे. खाणीत काम करणाऱ्या पालकांपैकी कोणी ना कोणी असा पानाचा दगड घरी आणलेला असतो. (खाणीच्या आवारात मुलांना घेऊन परवानगीवाचून जाऊ नये, हे सांगायला नकोच.) तो वर्गात आणावा. ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी आम्ही केले ते करावे. नववीच्या एका वर्गात आम्ही पाच गट पाडले. एकाला कडुनिंबाची सुटी पाने दिली, एकाला साल, एकाला निंबोळीतले बी, एकाला मुळाचा तुकडा, एकाला फुलांचे वाळके तुरे. झाडाचे नाव सांगायचे नाही, दुसऱ्या गटाचे पाहायचे नाही. आपल्याकडच्या वस्तूला नाव द्यायचे आणि संग्रहालयात लावतात तशी पट्टी लिहायची. मग सगळ्यांनी मिळून ठरवायचे, की यांतले काय कोणाचे आणि ते कशावरून म्हणता येईल. पाने आणि तुरे यांचा जोड कडू चवीवरून लगेच लागला. सालही चघळून पाहून त्यांत घेतली गेली. बी कोणाचे याबद्दल तास संपेपर्यंत भांडण चालले.

मुळाच्या गटाची पट्टी आम्ही जपून ठेवली आहे. तिच्यावर लिहिले आहे : ‘मूळ. झाड अजून सापडलेले नाही. शाळेच्या मागे, विहिरीजवळ.’